दहा हजार एक ठिपके

"दहा हजार एक फुटत नाही," मी म्हणालो.

अण्णासाहेबांनी बशीतला चहा तोंडापाशी नेता नेता थांबवला. "फुटत न्हाई म्हंजे? नारळ हाय व्हय त्यो?"

मीटिंगमधले सगळे हसले. मीही हसलो, पण समोरच्याचं अज्ञान पोटात घालून हसावं तसा. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. पुण्याहून एम.एस्सी. होऊन सातारा जिल्ह्यातल्या त्या गावच्या ज्युनिअर कॉलेजात लागून सातच महिने झाले होते, आणि गावात आपल्याइतकं गणित कुणालाही येत नाही ही गोष्ट मला रोज दाढी करताना नव्यानं आठवायची. गावाचं नाव सांगत नाही. तिथं माझी थोडी अब्रू अजून शिल्लक आहे, आणि ती कशी शिल्लक राहिली हेच सांगायचं आहे.

अण्णासाहेब जगदाळे संस्थेचे अध्यक्ष. शाळेला पंच्याहत्तर वर्षं होत होती, त्याचा मोठा समारंभ जानेवारीत ठरला होता, आणि त्यात मैदानावर दहा हजार एक ठिपक्यांची रांगोळी काढायची ही कल्पना खुद्द अण्णासाहेबांची. पत्रिका छापून वाटून झाल्या होत्या. त्यांवर लाल अक्षरांत 'दहा हजार एक ठिपक्यांची भव्य रांगोळी' असं होतं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की एवढे ठिपके मोजणार कोण? त्यावर अण्णासाहेबांनी तोडगा काढला. सरळ ओळी काढायच्या, प्रत्येक ओळीत सारखे ठिपके. प्रमुख पाहुण्यांनी एक बाजू मोजावी, दुसरी बाजू मोजावी, गुणावं, संपलं. फक्त किती ओळी आणि ओळीत किती ठिपके, एवढं गणिताच्या सरांनी सांगावं.

आणि गणिताचे सर सांगत होते की ते होणारच नाही.

"दहा हजार एक ही मूळ संख्या आहे," मी म्हणालो. "म्हणजे तिला कशानंच पुरा भाग जात नाही. सारख्या ओळी करायला गेलं की काहीतरी उरणार."

"मग वरचा एक काढून टाका. शंभर ओळी, शंभर ठिपके," प्राचार्य म्हणाले.

"वरचा एक काढून टाका?" अण्णासाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की प्राचार्यांनी लगेच फाईल उघडली. "अवो, शून्यावर संपणारा आकडा आपल्यात कुणी आहेरातबी देत न्हाई. अकरा, एकशे एक, पाचशे एक. वरचा एक हाय म्हणून तर पुढं चालू ऱ्हातंय सगळं. पंच्याहत्तर वर्सं झाली, आता शाळा बंद करायची हाय का?"

"मग शंभर बाय शंभरचा चौकोन काढू आणि एक ठिपका बाजूला," मी उदारपणे म्हणालो.

तेव्हा दारातून आवाज आला. "एकटा ठिपका टाकायचा नसतोय, सर."

हौसाबाई लोहार. शाळेतल्या शिपाई. रिकाम्या कपबशा न्यायला आल्या होत्या. सव्वीस वर्षं त्या शाळा उघडायच्या आत फाटकासमोर ठिपक्यांची रांगोळी काढत आल्या होत्या, आणि सव्वीस वर्षं प्रार्थनेची घंटा होईपर्यंत सहाशे पोरांच्या चपलांनी ती पुसली जात होती. मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. मैदानावरची रांगोळी त्यांच्या हातची असेल असं अण्णासाहेबांनी दिवाळीतच जाहीर केलं होतं. तेव्हापासून बाईंनी गल्लोगल्ली फिरून चाळीस बायका जमवल्या होत्या. कोणी कुठल्या ओळीला बसायचं हेसुद्धा मनाशी ठरवलं होतं. फक्त ओळी किती, तेवढं राहिलं होतं.

"एक ठिपका टाकला तर काय होतं?" मी विचारलं.

"रेघ कुठनं घालणार त्याला? रांगोळीत कुठला ठिपका बिनरेघेचा ठेवत न्हाईत. दारात पाव्हणा उभा करून आपण जेवाय बसल्यागत हुतंय ते."

"बरोबर हाय," अण्णासाहेब म्हणाले. "मग सर, तुमचं काय म्हणणं, हुतच न्हाई?"

"नाही होत."

"बघा हं. मिरजेच्या कलाकाराला मी निरोप धाडून ठेवलाय. तो संस्थापकांची तसबीर काढतो म्हणतोय, रंगावलीची, वीस फुटी. ह्ये हुणार नसंल तर मग पत्रिकेवर चिठ्ठी डकवू आन् त्याला बोलवू. शुक्रवारच्या मीटिंगला नक्की करून टाकू. तुम्ही तेवढं लेखी द्या."

आणि मी दिलं. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर, शाईच्या पेननं, 'दहा हजार एक ही मूळ संख्या असून तिची समान ओळींत मांडणी अशक्य आहे', खाली सही, सहीखाली पदवी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला सहीचा फराटा किती झोकदार आला एवढंच दिसत होतं.

हौसाबाई कपबशा गोळा करता करता माझ्यापाशी थांबल्या. "म्हंजे ओळी हुणारच न्हाईत, सर?"

"नाही होणार."

"कुणी केल्या तरी?"

"बृहस्पती आला तरी."

"बरं," त्या म्हणाल्या. माझी बशी उचलताना चमचा खाली पडला. तो त्यांनी वाकून उचलला, पदरानं पुसला आणि गेल्या.

आता मी हे कशावरून म्हणत होतो ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी नुसताच बाता मारत होतो. तसं नव्हतं. मी हिशोबानं बाता मारत होतो. एखाद्या संख्येचे सारखे वाटे पडतात का ते पाहायला सगळ्या संख्यांनी भागत बसावं लागत नाही. दहा हजार एकसाठी शंभरपर्यंत पाहिलं की पुरतं, कारण ओळी शंभरावर गेल्या तर ओळीतले ठिपके शंभराखाली येणारच. त्यातही फक्त मूळ संख्यांनी भागून पाहायचं. ज्या संख्येला तीननं भाग जात नाही तिला नऊनं आणि पंधरानंही जात नाही, मग ते कष्ट कशाला? शंभराच्या आत अशा मूळ संख्या थोड्याच. मी त्या सगळ्या ओळीनं घेतल्या, प्रत्येकीनं भागलं, प्रत्येक वेळी काहीतरी उरलं. त्यातले तोतयेसुद्धा मी ओळखून बाहेर ठेवले होते. एक्कावन्न, सत्तावन्न, सत्त्याऐंशी या दिसायला अगदी मूळ, पण नसतात. एक्याण्णव तर त्यांची मुकादम. तेरा साती एक्याण्णव हे ज्याला चटकन आठवत नाही तो तिला हमखास फसतो. मी फसलो नव्हतो आणि त्याचा मला फार अभिमान होता.

बुधवारी हौसाबाई मला व्हरांड्यात भेटल्या. हातात झाडू.

"सर, तुम्ही किती आकडे बघितले?"

"चोवीस."

"शंभरातले चोवीसच?"

"तेवढेच लागतात, बाई. बाकीच्यांची गरज नसते."

"व्हय का," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात काही खोच होती असं मला तेव्हा वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. पण ते 'व्हय का' मला संध्याकाळपर्यंत कानात ऐकू येत होतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत बसलो होतो. त्या दारात आल्या. शाळा सुटली की सगळ्या वर्गांतले फळे पुसायचे, हे त्यांचं रोजचं काम.

"सर, सातवी ब चा फळा पुसायचाय. पुसायच्या आधी एकदा बघता का?"

"काय आहे त्यावर?"

"बघा तर."

मी गेलो. फळ्यावर खडूनं तीन रकाने आखलेले होते. वर लिहिलं होतं: ओळी, ठिपके, उरले. खाली आकडे, टपोरे, एकाखाली एक. पहिल्या रांगेत शंभर, शंभर, एक. दुसरीत नव्व्याण्णव, एकशे एक, दोन. तिसरीत अठ्ठ्याण्णव, एकशे दोन, पाच. मग सत्त्याण्णव, एकशे तीन, दहा. असं फळ्याच्या तळापर्यंत आणि तिथं जागा संपल्यावर पुन्हा वरून दुसऱ्या बाजूला.

"हे काय आहे?"

"तुमचाच चौकोन घेतला," बाई म्हणाल्या. "शंभर ओळी, शंभर ठिपके आन् तो एक उपरा. मग म्हटलं, एक ओळ उचलू. शंभर ठिपके हातात आले. ते ऱ्हायलेल्या नव्व्याण्णव ओळींना एक एक जोडला. नव्व्याण्णव गेले, एक ऱ्हायला. उपरा एक हुताच. दोन झाले."

"हं."

"मग अजून एक ओळ उचलली. आता तिच्यात एकशे एक हायती. अठ्ठ्याण्णव ओळींना वाटले, तीन ऱ्हायले. आधीचे दोन. पाच झाले. परत उचलली, पाच ऱ्हायले, धा झाले. मग सात, मग नऊ. तवा माझ्या ध्यानात आलं की ह्ये दोन-दोननं वाढतंय. मग उचला-ठेवायचंबी कारण न्हाई. नुसती बेरीज करत खाली यायचं."

मी फळ्याजवळ गेलो. उरलेल्यांचा रकाना पाहिला. दोन, पाच, दहा, सतरा, सव्वीस, सदतीस, पन्नास. प्रत्येक आकडा एका वर्गाहून एकानं जास्त. बीजगणितात हे दोन ओळींत सिद्ध होतं आणि मला ते वयाच्या चौदाव्या वर्षापासून येत होतं. ह्या संख्येपाशी मात्र मला ते आठवलं नव्हतं. चौथी पास झालेल्या बाईंनी ते ठिपके उचलून शोधून काढलं होतं.

"आता उरलेल्यांत एक-एक करून सगळ्या ओळींना पुरतील एवढे कवा हुतील, तेच बघत आले," त्या म्हणाल्या. "लई येळा जवळ आलं. चौऱ्याण्णव ओळींना सदतीस उरले, त्ये पुरत न्हाईत. नव्वद ओळींना एकशे एक उरले. नव्वद वाटले तर अकरा परत हातात. असं करत करत हितं आले."

त्यांनी बोट ठेवलं त्या रांगेत लिहिलं होतं: त्र्याहत्तर, एकशे सत्तावीस, सातशे तीस.

"ओळी त्र्याहत्तर. उरले सातशे तीस," बाई म्हणाल्या. "दहा दहा वाटले की संपलं, न्हाई का? म्हंजे ओळीत एकशे सदतीस."

मी खडू उचलला आणि फळ्याच्या कोपऱ्यात गुणाकार केला. त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. दहा हजार एक. पुसला. पुन्हा केला. दहा हजार एक. तिसऱ्यांदा उलट बाजूनं केला. बाई शांत उभ्या होत्या. मुलगा रडायचा थांबेपर्यंत आई जशी थांबते, तशा.

खिशातून मी माझा कागद काढला. चोवीस मूळ संख्यांचा. एकसष्ट, सदुसष्ट, एकाहत्तर, एकोणऐंशी. त्र्याहत्तर नव्हती. शंभराच्या आत मूळ संख्या पंचवीस असतात हे मी वर्गात पोरांकडून घोकून घेतलं होतं. तोतये हाकलण्याच्या नादात मी घरचंच माणूस बाहेर काढलं होतं, आणि उरलेली चोवीस मोजतानासुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या बैलाची तर मी लेखी पावती दिली होती.

"माझ्याकडून त्र्याहत्तर राहून गेली," मी म्हणालो.

"ऱ्हाती की एखादी."

"पण तुम्ही एकही सोडली नाहीत."

"मला कुठं ठावं, सर, कुणाची गरज असती आन् कुणाची नसती? मी आपली समद्यास्नी इचारत गेले."

सातवी ब च्या बाकावर मी बसलो. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी इतका आनंद झाला होता की हसू आवरत नव्हतं. बाईही हसल्या.

"आता उद्याच्या मीटिंगला सांगा तेवढं," त्या म्हणाल्या.

"मी कशाला? तुम्हीच सांगा. तुम्ही शोधलंय."

"मी सांगाय गेले तर अण्णासाब म्हणत्याल, हौसाबाई, चहा टाका. तुमी सांगा. तुमचं ऐकत्यात."

"तुमचं नाव घेऊन सांगतो."

"घ्या की," बाई म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या. मी अर्धा फळा वाचवून वहीत उतरवून घेतला.

शुक्रवारची मीटिंग. अण्णासाहेबांच्या पुढ्यात मिरजेच्या कलाकाराला लिहिलेलं पत्र होतं, सहीसाठी. पत्राखाली माझा दाखला, टाचणी लावून. हौसाबाई चहा घेऊन आल्या आणि दाराशी थांबल्या.

मी उभा राहिलो. बोलायचं सगळं ठरलेलं होतं. 'माझी चूक झाली, हौसाबाईंनी ती शोधली.' दोन वाक्यं. पण टाचणी लावलेली ती सही दिसली, तिच्याखालची पदवी दिसली. जूनमध्ये मला कायम करायचं की नाही हे याच टेबलाभोवती ठरणार होतं. आणि तोंडातून वेगळंच बाहेर पडलं.

"पुन्हा तपासून पाहिलं असता," मी म्हणालो, "असं आढळून आलं आहे की त्र्याहत्तर ओळी आणि प्रत्येकी एकशे सदतीस ठिपके अशी मांडणी शक्य आहे."

आढळून आलं आहे. गणिताच्या पुस्तकांत हे एक सोयीचं वाक्य असतं. कुणाला आढळलं ते सांगावं लागत नाही.

"वा!" अण्णासाहेबांनी टेबलावर थाप मारली. "दोन दिवस डोकं लावलंत जणू! ह्याला म्हंत्यात शिक्षण. आपलीच चूक आपणच दुरुस्त केली. प्राचार्य, ते पत्र फाडा."

मी 'तसं नाही' म्हणायला तोंड उघडलं असेल. उघडलं होतं असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण प्राचार्य हात मिळवत होते, कुणी पाठीवर थाप मारत होतं, आणि चहा निवत होता.

बाहेर पडल्यावर मी हौसाबाईंना गाठलं. "बाई, तुमचं नाव राहून गेलं."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "ओळी मिळाल्या न्हवं? आता मला दोरी लागंल. जाड, सुताची. एकशे सदतीस गाठी मारायच्यात, वीत-वीतभर अंतरावर." आणि त्या भराभरा निघून गेल्या. मला हायसं वाटलं. म्हटलं, बाईंना कुठं नावाचं पडलंय, त्यांना रांगोळी हवी होती ती मिळाली.

समारंभ पुढच्या रविवारी होता. सकाळी साडेसहाला मैदान शेणानं सारवून वाळलेलं होतं, आणि चाळीस बायका पदर खोचून उभ्या होत्या. हौसाबाईंनी गाठी मारलेली दोरी दोन टोकांना दोघींच्या हातात दिली. दोरी ताणायची, प्रत्येक गाठीखाली चिमटीनं ठिपका सोडायचा, दोरी उचलून वीतभर पुढं न्यायची, पुन्हा ताणायची. त्र्याहत्तर वेळा. बाई स्वतः एकही ठिपका घालत नव्हत्या. अनवाणी, मधून चालत, "दोरी सैल पडली, गंगू", "चिमूट बारीक, बारीक" असं म्हणत फिरत होत्या. नऊच्या सुमाराला ठिपके झाले. मी शाळेच्या गच्चीवर गेलो. खाली पांढऱ्या ठिपक्यांचं एक लांबरुंद चादरीसारखं अंग पसरलं होतं, कुठून पाहिलं तरी सरळ. मग रेघा सुरू झाल्या. कमळं आणि कमळांना जोडणारी वेल. अकरा वाजता एकही ठिपका मोकळा राहिला नव्हता. मी गणितात खूप सुंदर गोष्टी पाहिल्या आहेत, पण गच्चीवर उभं राहून माझे डोळे भरून आले ते तेवढ्या एकाच वेळी.

प्रमुख पाहुणे निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी कर्तव्यबुद्धीनं दोन्ही बाजू मोजल्या, खिशातून डायरी काढली, गुणाकार केला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"नऊ हजार नऊशे एक्याण्णव भरतात," ते म्हणाले. माईकवर.

मांडवात कुजबुज झाली. दहा ठिपके कमी! पुढच्या रांगेत चाळीस बायका बसल्या होत्या. त्यांनी एकदम हौसाबाईंकडे पाहिलं. हौसाबाईंचा चेहरा पांढरा पडला. कुठं चुकलं असेल म्हणून त्या मनातल्या मनात पुन्हा ओळी उचलायला लागल्या असणार. त्यांच्या शेजारी कोरेगावहून आलेली त्यांची लेक बसली होती. तिनं आईचा हात धरला.

अण्णासाहेबांनी मला खूण केली. मी माईकपाशी गेलो.

"हातच्या दोनातला एक राहिलाय, साहेब," मी म्हणालो. "आमच्याकडूनही असं होतं. माझ्याकडून तर याहून मोठं झालंय." व्यासपीठावर फळा होताच. गुणाकार करून दाखवला. दहा हजार एक. टाळ्या झाल्या. आता खाली उतरायला हरकत नव्हती. पण समोर बाई होत्या, आणि अजून नीट श्वास घेत नव्हत्या.

"हे सापडलं कसं तेही सांगतो," मी म्हणालो. "मला सापडलं नाही. मी तर लेखी दिलं होतं की हे होणारच नाही. हे हौसाबाई लोहारांनी शोधलं. सातवी ब च्या फळ्यावर, फळा पुसायच्या आधी."

आणि सगळं सांगितलं. शंभरचा चौकोन, उपरा ठिपका, एक ओळ उचलायची आणि वाटायची. दोन उरले, पाच उरले, दहा उरले. लोक ऐकत होते. पुढच्या रांगेतल्या बायका माना हलवत होत्या, कारण वाटून उरतं किती हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सातशे तीस आले तेव्हा मागून एक म्हातारा ओरडला, "धा-धा!" सगळा मांडव हसला. मी माझी त्र्याहत्तर कशी राहिली तेही सांगितलं. शुक्रवारी मीटिंगमध्ये मी नाव गिळलं, तेही.

टाळ्या थांबेनात. अण्णासाहेब उठले, माझ्या खांद्यावर शाल घातली आणि माईक हातात घेतला.

"बघितलंत? केवढं अवघड गणित! पण सरांनी आपल्या हौसाबाईला गोष्टीत घेऊन पोराबाळांना कळंल असं सोपं करून सांगितलं. ह्याला म्हंत्यात मास्तर!"

"अण्णासाहेब, गोष्ट नाही, खरंच त्यांनी…"

"आन् वर हा विनय बघा!"

पुन्हा टाळ्या. न्यायाधीशांनी उठून माझा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं की शाळेतील शिपाईबाईचे कल्पित उदाहरण घेऊन प्रा. शेजवलकरांनी श्रोत्यांना खिळवून ठेवले. जूनमध्ये मी कायम झालो. पुढं नोकरीभर, पुण्यात, परिषदांत, जिथं जिथं मी हे सांगितलं तिथं तिथं लोकांनी हसून म्हटलं, छान रचलंय तुम्ही. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांना खरं वाटलं, आणि खरं बोललो ते आजतागायत कुणाला पटलेलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मांडव रिकामा झाल्यावर मी मैदानाकडे गेलो. हौसाबाई रांगोळीच्या कडेनं लेकीला दाखवत हिंडत होत्या, कुठली ओळ कुणी घातली, कुठं कुणाचा हात जड पडला. मला पाहून लेक पुढं गेली, बाई थांबल्या.

"बाई, कुणाला पटलंच नाही," मी म्हणालो. "शुक्रवारीच सांगायला हवं होतं मी."

"तवाबी पटलं नसतं कुणाला."

"मग आज बोलून तरी काय झालं? कुणी ऐकलंच नाही."

बाई माझ्याकडे न बघता, रांगोळीकडे बघत म्हणाल्या, "मी ऐकलं की, सर. शुक्रवारी दाराशी कान लावून उभी हुते, आता माझं नाव येईल, आता येईल म्हणून. तवा न्हाई आलं. आज आलं."

एवढं बोलून त्या लेकीच्या मागं गेल्या.